मामाच्या नावाची पाटी

मामा हयात असताना मी त्याचं नाव मृतांच्या यादीत घातलं, ते केवळ हिरव्या पाल्यासाठी. हे वाक्य मी बऱ्याच जणांना ऐकवून पाहिलं आहे. ऐकणारा आधी माझ्याकडे बघतो, मग आमच्या ह्यांच्याकडे बघतो, आणि हे मान डोलावतात. त्याने शंका फिटायच्या ऐवजी वाढते. म्हणून पहिल्यापासून सांगते.

मामा म्हणजे आमचं कासव. माझ्या आधी ते माझ्या आत्याचं होतं. आत्या गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते. घरच्या मोठ्यांनी तिच्या वस्तू वाटून घेतल्या. कपाट, शिवणयंत्र, भिंतीवरचं घड्याळ असं सगळं संपल्यावर कोणालाच नको असलेलं जे उरलं ते आम्ही दोघं, कासव आणि मी. लग्न होऊन सासरी आले तेव्हा माझ्या एका हातात ट्रंक होती आणि दुसऱ्या हातात झाकणाला भोकं पाडलेला टोपीचा डबा. माहेरून बरोबर आला म्हणून पुढे मुलं त्याला मामा म्हणू लागली, आणि आमचे हे त्याला 'मेहुणे' म्हणतात. दोघं एक्कावन्न वर्षं एका घरात राहिले, एकमेकांशी शब्दाने बोलले नाहीत, आणि त्यांचं भांडणही झालं नाही. इतका सलोखा मी दुसऱ्या कुठल्याही मेहुण्यामेहुण्यांत पाहिलेला नाही.

मुलं आपापल्या गावी गेल्यावर आम्ही जुनं घर सोडून या इमारतीत तळमजल्यावर राहायला आलो. इमारतीच्या नियमावलीत पाळीव प्राण्यांना मनाई आहे. कासवाबद्दल नियमावली गप्प आहे, म्हणून आम्हीही गप्प बसलो. मामा भुंकत नाही, जिने चढत नाही, दुसऱ्याच्या दारात घाण करत नाही. इमारतीतल्या बऱ्याच माणसांपेक्षा त्याची वागणूक चांगली आहे.

सहा वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या तोंडाशी त्याने जेवण सोडलं. बाजारातली पालेभाजी मी त्याला तीन तीन पाण्यांतून काढून देत होते. तरी एका सकाळी त्याच्या तोंडाला फेस आला आणि तो मान बाहेर टाकून पडून राहिला. कासवाने मान बाहेर ठेवून पडणं म्हणजे माणसाने घराचं दार उघडं टाकून निघून जाणं. मी टोपीचा डबा काढला आणि त्याला डॉक्टरांकडे नेलं.

प्राण्यांचे डॉक्टर तरुण आहेत, आणि ते पेशंटशी बोलतात, बरोबरच्या माणसाशी नाही. त्यांनी मामाला टेबलावर ठेवलं, त्याच्या डोळ्यांत बघितलं आणि विचारलं, "काय खायला घालतात हो तुम्हाला?" मी उत्तर द्यायला लागले, तर हात वर करून मला थांबवलं. जणू मामा आता सांगणारच होता. मग त्यांनी मामालाच निदान सांगितलं. भाजीवर फवारलेलं औषध पोटात साठलंय. ते धुऊन जात नाही. आणखी महिनाभर हेच खाल्लंत, तर. एवढं बोलून त्यांनी प्रथमच माझ्याकडे बघितलं. त्या 'तर'च्या पुढचं माझ्यासाठी होतं.

पाला घरी लावा, म्हणाले. तुती, जास्वंद, भोपळ्याची पानं, साधं गवत. औषध नको, रासायनिक खत नको, माती स्वच्छ हवी.

आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीमागे, इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये, दोन खाटा लांब आणि एक खाट रुंद एवढी जागा पडून होती. तिथे ऊन बरं येतं. ह्यांनी मोठ्या उत्साहाने वरची अर्धा फूट माती काढून टाकली. तीन दिवस काढली, चौथ्या दिवसापासून ह्यांची पाठ काढून ठेवायची वेळ आली. नवी माती म्हणून मी पिशव्या मागवल्या. उघडून बघते तर आत निळे निळे दाणे. म्हणजे खत. त्या पिशव्या परत. मग कोणी म्हणालं, कुंभाराची माती शुद्ध असते. शुद्ध होती, यात वाद नाही. पण पाणी घातल्यावर चार दिवसांत वाफ्याची थाळी झाली. वाजवली तर वाजत होती. शेवटी जुन्या घराच्या शेजारणीने तिच्या परसातला कुजका पाचोळा पोत्यांत भरून पाठवला, तेव्हा कुठे वाफा वाफ्यासारखा दिसायला लागला.

बियाणं आणलं ते गुलाबी निघालं. मला वाटलं, नवी जात असेल. डॉक्टरांनी मामाला सांगितलं की बियांना कीड लागू नये म्हणून औषध चोळतात, त्याचा तो रंग. मी भोपळ्याच्या त्या सगळ्या बिया उकरून वेचल्या. वीस पेरल्या होत्या, एकवीस सापडल्या. एकविसावी कुठली, ते मला आजवर कळलेलं नाही.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. त्यांनी गॅलरीतून खाली वाकून हे सगळं पाहिलं आणि सल्ला दिला की तंबाखूचं पाणी शिंपडा, एक किडा राहणार नाही. मी म्हटलं, विष नको आहे. त्या म्हणाल्या, "विष कुठे? नैसर्गिक आहे ते." नैसर्गिक तर सापही असतो, हे उत्तर मला घरात येऊन दार लावल्यावर सुचलं. माझी सगळी चांगली उत्तरं अशी वाया गेली आहेत.

खरा घोळ गुरुवारी झाला. दर गुरुवारी आरोग्य खात्याचा फवारणीवाला येतो. पाठीवर टाकी, पायात रबरी बूट, तोंडाला मुसकं. डासांसाठी तो इमारतीच्या कडेकडेने धूर आणि औषध मारत जातो. माझ्या वाफ्यात दुसऱ्या, बिनरंगी बियांचे नुकते कोंब आले होते. मी वाफ्यापुढे आडवी उभी राहिले. माणूस सभ्य. त्याने यंत्र बंद केलं, मुसकं खाली केलं आणि खिशातून कागद काढून दाखवला.

"काकू, जागा यादीत आहे. यादीतून काढायची तर वरून कागद आणा."

त्या दिवशी त्याने माझ्यासाठी म्हणून वाफ्यावर ताडपत्री टाकून भोवती फवारलं. पण दर आठवड्याला असं जमणार नाही, हेही सांगितलं.

मी कार्यालयात गेले. खिडकीमागचे कारकून जाड चष्म्याचे, दमलेले आणि मनाने चांगले होते. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि नियम वाचून दाखवला. फवारणीतून सूट तीन ठिकाणांना. दवाखान्याची भिंत, पिण्याच्या पाण्याची टाकी आणि स्मृतिस्थळ. स्मृतिस्थळ अशासाठी की पूर्वी एकदा कोणाच्या समाधीपाशी उभी असलेली माणसं धुराने चक्कर येऊन पडली होती. मी विचारलं, कासव यात कुठे बसतं? ते म्हणाले, कुठेच बसत नाही. मग चष्मा काढून पुसत त्यांनी हळूच विचारलं, "घरात कोणी गेलंय का?"

"नाही."

"आठवून बघा. घाई नाही."

मागे रांग लागली होती. मला मामाचा फेस दिसत होता. मी म्हटलं, मामा. त्यांनी लगेच फॉर्म ओढला. नातं? मी म्हटलं, भावासारखा, माहेरचा. वय? खोटं किती बोलायचं म्हणून मी खरं सांगितलं की शंभराच्या पुढे. कारकून खुर्चीतून अर्धवट उठले. व्यवसाय? घरीच असायचे. मृत्यूची तारीख विचारली तेव्हा मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. ते म्हणाले, "आजचीच टाकतो. लक्षात राहायला सोपी."

पाचव्या दिवशी खात्याची माणसं येऊन वाफ्याच्या टोकाला लोखंडी पाटी रोवून गेली. राखाडी रंगावर काळी अक्षरं. वर 'स्मृतिस्थळ', मध्ये 'मामा', खाली 'येथे फवारणी करू नये'. ह्यांनी चष्मा लावून ती दोनदा वाचली.

"मेहुण्यांना कळलं तर काय म्हणतील?"

मेहुणे तेव्हा ह्यांच्या पायाशी उन्हात बसून पहिलं कोवळं पान खात होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तोंड उघडलं होतं. मी म्हटलं, काही म्हणणार नाहीत.

मुख्याध्यापिका मात्र म्हणाल्या. तुमचा भाऊ गेला आणि इमारतीला पाटी वाचून कळावं, हे बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला खरं सांगता येईना. सांगितलं तर कासवही बाहेर पडणार आणि फॉर्मही. मी मान खाली घातली. त्यांनी माझा हात थोपटला आणि तंबाखूच्या पाण्याचा विषय परत काढला नाही. मामाच्या जाण्याने झालेला तो पहिला फायदा.

पुढच्या गुरुवारी फवारणीवाल्याने पाटीपाशी मुसकं काढलं, क्षणभर उभा राहिला आणि पुढे गेला. भोपळ्याचा वेल भिंतीला लागला. तुतीच्या काड्या रुजल्या. मामाचं वजन वाढलं. मी जरा सुखाने बसणार, तेवढ्यात ते गृहस्थ आले.

दुपारचे तीन वाजले होते. इमारत झोपलेली. मी खिडकीशी तांदूळ निवडत होते. पाटीसमोर एक उंच, वाळकेसे गृहस्थ उभे होते. जाड काळा कोट, हातात मिटलेली छत्री. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. मला वाटलं, चुकून आले असतील. मी खिडकीतून विचारलं, कोण हवंय? ते म्हणाले, "मामा गेले, हे मला पाटीवरूनच कळलं."

तुम्ही त्यांना ओळखत होता? मी विचारलं, आणि माझं मलाच नवल वाटलं की मी 'त्याला' न म्हणता 'त्यांना' म्हटलं.

"आमच्याकडे त्यांचं नाव वेगळं होतं. पण त्यांना ओळखायला नाव कशाला हवं? बोलायचे नाहीत. पण ऐकायचे असे, की आपण बोलत राहावं. कधी घाई केली नाही. आणि फुलं असली की आधी फूल खायचे, मग पान." असं म्हणून त्यांनी आपला हात वळवून उजव्या खांद्याच्या मागे ठेवला. "इथला टवका नंतरचा. तो आमच्याकडचा नाही."

मी तांदळाचं ताट खाली ठेवलं. मामाच्या पाठीला उजवीकडे मागे एक टवका आहे. आत्या गेली त्या आठवड्यात मी त्याला जिन्यावरून घेऊन जाताना पाडलं होतं. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही.

दुसऱ्या दिवशी ते परत आले, आणि त्यांच्याबरोबर एक ठेंगण्या बाई. त्यांच्या गळपट्टीला दोरा ओवलेली सुई टोचलेली होती. तिसऱ्या दिवशी पाच जण होते. रोज बरोबर तीनला येणार, अर्धा तास थांबणार, हलक्या आवाजात मामाच्या आठवणी काढणार. ह्यांनी खुर्च्या मांडायला सुरुवात केली. ह्यांना निवृत्तीनंतर एवढे श्रोते मिळाले नव्हते. रोज सहा कप चहा करून बाहेर नेत. कप जसेच्या तसे परत यायचे. त्याचं मला काही वाटलं नाही, कारण ह्यांचा चहा तसा कोणीच संपवत नाही. पण एक गोष्ट मला फार आवडली. इतकी माणसं येऊन जात, पण वाफ्यातल्या मऊ मातीत एक पाऊल उमटत नसे. हल्लीच्या दिवसांत इतकं जपून चालणारी माणसं कुठे मिळतात, असं मी ह्यांना म्हणालेसुद्धा.

मनात मात्र मला सलत होतं. माझी स्मरणशक्ती घरात बदनाम आहे. कोणत्या जावेने कोणत्या साली काय म्हटलं ते मी तारखेसकट सांगते. आणि माझ्याच मामाबद्दल ही परकी माणसं मला ठाऊक नसलेल्या गोष्टी सांगत होती. सुईवाल्या बाई म्हणाल्या की लेकीच्या तापात ते तीन दिवस खाटेखालून हलले नाहीत. छत्रीवाले म्हणाले की ते एकदा हरवले आणि चार वर्षांनी त्याच दारातून, त्याच चालीने आत आले. आणि त्या सगळ्यांत मागे, माझ्याकडे पाठ करून एक बाई बसायच्या. त्या कधीच काही बोलल्या नाहीत. खुर्चीच्या अगदी कडेला बसायच्या, घरी दूध चुलीवर ठेवून आल्यासारख्या. मला सारखं वाटायचं, हे बसणं मी कुठेतरी पाहिलंय.

तीन आठवडे झाले आणि एकाच दिवशी दोन गोष्टी घडल्या. सकाळी कार्यालयातून पत्र आलं. मृत्यूचा दाखला पंचेचाळीस दिवसांत सादर करावा, नाहीतर पाटी काढून फवारणी सुरू केली जाईल. पंचेचाळीस दिवस पुढच्या गुरुवारी भरत होते. आणि दुपारी मामा नाहीसा झाला.

आम्ही घर उलथंपालथं केलं. ह्यांनी पाठीची पर्वा न करता खाटेखाली रांगून बघितलं. मी टोपीचा डबासुद्धा उघडला. कुठेच नाही. शेवटी वाफ्यात, पाटीच्या बरोबर पायथ्याशी, माती जराशी उकरून परत बसल्यासारखी दिसली.

डॉक्टर आले. पेशंट जागेवर नसल्यामुळे नाइलाजाने माझ्याशी बोलले. कडक उन्हाळ्यात कासवं जमिनीत जातात, म्हणाले. तुम्ही इतकी मऊ, स्वच्छ माती करून दिलीत, त्यांना मोह झाला असेल. गारवा आला की वर येतील.

"आणि खाली काही बरंवाईट झालं असलं तर?"

"तर येणार नाहीत. पण खणू नका आजी. झोपेत असले तर धक्क्याने जातील. आणि त्या मातीत औषध मुरू देऊ नका. अजून अशक्तच आहेत ते."

मी दाखल्याचं विचारलं. बघितल्याशिवाय लिहिणार नाही, म्हणाले. बघायचं तर खणायला हवं, आणि खणायचं नाही. थोडक्यात, मामा जिवंत असला तर गुरुवारी औषध मुरून मरणार होता, आणि तो मेलेला असता तरच त्याला वाचवता आलं असतं.

त्या रात्री मला झोप लागली नाही असं लिहायची पद्धत आहे, पण मला लागली. झोप लागली आणि नऊ वर्षांची मी जिन्यावर बसून मामाला सांगत होते, "आत्या न सांगता गेली. तू सांगून जा." हे वाक्य मी साठ-पासष्ट वर्षांत आठवलं नव्हतं. सकाळी उठले ती एकच विचार डोक्यात घेऊन. मी कागदावर तारीख घातली. त्याने वाचली असेल. त्याला वाटलं असेल, आता हीच सांगते आहे तर जावं.

गुरुवारी दुपारी मी वाफ्यापाशीच होते. खुर्च्या मांडून झाल्या होत्या. वरून मुख्याध्यापिकांनी वाकून विचारलं, "मी विचारणार नव्हते. पण तुम्ही दोघं रोज तीन वाजता कोणासाठी खुर्च्या मांडता? महिनाभर बघतेय. कोणी येत तर नाही."

त्या बोलत होत्या तेव्हा पाचही खुर्च्या भरलेल्या होत्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे हातात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. ह्यांनी सहाही कप निरखून पाहिले. मग म्हणाले, "म्हणजे चहा नको होता तर."

मला भीती वाटायला हवी होती. वाटलीही, गुडघ्यांपर्यंत. पण भिंतीच्या त्या बाजूने फवारणीवाल्याचं यंत्र भर्रकन सुरू झालं, आणि वरचा भाग दुसऱ्याच भीतीने भरून गेला. मी सरळ छत्रीवाल्यांसमोर गेले आणि म्हटलं, "मी खोटं बोलले. मामा कासव आहे. माझा भाऊ नाही. त्याला पाला मिळावा म्हणून मी तो फॉर्म भरला."

"कासव आहेत हे आम्हाला माहीत आहे," ते म्हणाले. "मग आम्ही महिनाभर कोणाबद्दल बोलतोय? आमच्यापैकी प्रत्येकाला शेवटी त्यांनी पोचवलंय. मी गेलो तेव्हा दारात तेच होते. म्हटलं, पाटी लागली आहे, आता एकदा आपण जायला हवं."

"मग तो तुमच्याकडे आलाय का?"

ते एकमेकांकडे बघायला लागले. सुईवाल्या बाई म्हणाल्या, नाही बाई, आम्हाला वाटलं इथेच काही आवराआवर करत असतील, त्यांचं सगळंच सावकाश. छत्रीवाल्यांनी कोटातून घड्याळ काढून बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर, लांबच्या गावी बारशाला जावं आणि बाळ अजून झालेलंच नाही असं कळावं, तसे भाव होते.

"म्हणजे ते हयात आहेत," ते जरा रागानेच म्हणाले. "फुकट खेप झाली. कागदावर लिहिलेलं होतं. आमच्यात कागदावर विश्वास ठेवतात."

ते उठले. बाकीचेही उठले. सगळ्यांत शेवटी त्या मागच्या बाई उठल्या, आणि जाताना प्रथमच वळल्या. माझ्यापेक्षा पस्तीस-चाळीस वर्षांनी लहान होत्या. आत्या इतक्या लहान वयात गेली होती, हे मला तोवर कधी जाणवलंच नव्हतं. तिने वाकून भोपळ्याचं एक पान उलटलं, खाली कीड बसली आहे का ते बघितलं आणि सवयीने बोट पुसलं.

"सांगायचं राहून गेलं तेव्हा," ती म्हणाली. "घाईत होते." आणि गेली.

कोपऱ्यावरून फवारणीवाला आला तेव्हा मी रिकाम्या खुर्च्यांमध्ये डोळे पुसत उभी होते. त्याने आदेशाचा कागद दाखवला. मी त्याला सांगितलं की खाली जिवंत कासव आहे. त्याने मातीकडे बघितलं, पाटीकडे बघितलं. "काकू, जिवंताला सूट नाही. तसा रकानाच नाही." मग त्याने यंत्राची कळ फिरवून ते बंद केलं. "आज यंत्र बिघडलं असं लिहितो. पुढच्या गुरुवारपर्यंत काय ते बघा."

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मी खिडकीपुढे पहिली होते. कारकुनांना म्हटलं, मामाचं नाव काढा, त्याच जागेसाठी दुसरं नाव लिहायचं आहे. मृताचं नाव? मी माझं सांगितलं. त्यांनी लिहिलं. अर्जदाराचं नाव? तेच सांगितलं. त्यांची लेखणी थांबली.

"मृताशी नातं?"

"जन्मापासूनचं."

त्यांनी चष्म्यावरून मला निरखलं, आणि 'स्वतः' असं लिहिलं. मृत्यूची तारीख म्हणाले. मी म्हटलं, ती रिकामी ठेवा, गेल्या वेळी भरली ती फार अंगाशी आली. त्यांनी नियमांचं पुस्तक उघडलं, पानं उलटली, आणि मी त्यांना प्रथमच हसताना पाहिलं. दाखल्याची पंचेचाळीस दिवसांची मुदत मृत्यूच्या तारखेपासून मोजतात. तारीखच नाही, तर मोजणार कुठून? त्या रकान्यात त्यांनी सुवाच्य अक्षरांत 'यथावकाश' असं लिहून शिक्का मारला.

नवी पाटी लागली. स्वतःचं नाव काळ्या अक्षरांत वाचायला विचित्र वाटतं, पण अक्षर चांगलं आहे. फवारणीवाला आता पाटीपाशी मुसकं काढतो आणि खिडकीकडे बघून मला हात करतो. मुख्याध्यापिकांनी माझ्याशी बोलणं सोडलं आहे. दुसरा फायदा.

हवा पालटली त्या दिवशी पाटीच्या पायथ्याशी माती हलली आणि मामा वर आला. अंगावर चिखल, नाकावर एक मूळ चिकटलेलं. त्याने माझ्याकडे बघितलं, आपल्याला कोणी शोधत होतं याची कल्पनाही नसल्यासारखं, आणि जास्वंदीचं फूल खाल्लं. मग पान. ह्यांनी घाईने आत जाऊन चष्मा पुसला. "मेहुणे आले," एवढंच म्हणाले.

त्याच दुपारी तीन वाजता छत्रीवाले आले. या वेळी एकटेच. त्यांनी पाटी वाचली, मग मला बघितलं.

"अहो, तुम्ही इथेच?"

"फॉर्मपुरतं आहे ते," मी म्हटलं. "तारीख घातलेली नाही."

"तुमच्या घराला कागदाचा फार नाद," ते म्हणाले. मला वाटलं, रागावून जातील. पण ते खुर्चीत बसले आणि छत्री भिंतीला नीट टेकवून ठेवली. थांबायच्या तयारीने आलेला माणूस ठेवतो तशी. "नाव लागलंय, तर कोणीतरी थांबायला हवं. केव्हा निघायचं ते तुम्ही ठरवा."

मी मामाकडे बघितलं. तो त्यांच्या खुर्चीखाली सावलीत येऊन बसला होता. माझ्यामागे याला स्वच्छ पाला कोण घालणार, हा एकच प्रश्न माझ्यापुढे होता. ह्यांना गवत आणि कोथिंबीर यांतला फरक अजून कळत नाही. मी वाफ्यावर नजर फिरवली आणि म्हटलं, त्या तुतीचं पहिलं फळ पिकू दे. झाड मार्गी लागलं की निघू. छत्रीवाल्यांनी तुतीकडे पाहिलं, मान डोलावली आणि घड्याळ कोटात ठेवलं. आम्हाला घाई नाही, म्हणाले. ती सवय मामांकडून लागली.

याला आता सहा वर्षं झाली. ते रोज तीनला येतात. चहा तसाच राहतो, हे तो तसाच नेऊन ठेवतात. तुती चांगली उंच झाली आहे. पण दरवर्षी तिला बारीक हिरवे मणी दिसायला लागले, की मी मोठी कात्री घेते आणि ती खांद्यापर्यंत छाटते. डॉक्टरांनीच मामाला सांगितलंय, छाटली की पाला भरपूर येतो. कात्रीचा आवाज झाला की छत्रीवाले भिंतीकडे बघत बसतात. इतकी वर्षं मामाच्या सहवासात काढलेला माणूस, न दिसल्यासारखं करणं त्यालाही जमतं.